निसर्गातील भौमितिक आकृतिबंध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काळ्या रानातील भेगा, सूर्यफुलातील वेटोळी, मोहोळातील घरे, सीताफळाचे डोळे आणि चंद्राभोवती पडणारे खळे यांविषयी विद्यार्थी, शिक्षक आणि शेतकरी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उदाहरणे शक्यतो मराठवाड्यातील निवडली आहेत, कारण ती वाचकाला स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून पाहता येतात.

निसर्गातील भौमितिक आकृतिबंध कशाला म्हणावे?

एखादी आकृती किंवा मांडणी निसर्गात ठरावीक नियमाने पुन्हा पुन्हा दिसते आणि तो नियम कोन, अंतर, संख्या किंवा प्रमाण यांच्या भाषेत सांगता येतो, तेव्हा तिला भौमितिक आकृतिबंध म्हणता येते. मात्र आकृती ओळखली म्हणजे काम संपले असे नाही. वस्तू वाढली कशी, वाळली कशी, थंड झाली कशी किंवा तिचे भाग एकमेकांशेजारी बसले कसे, याची खूण त्या आकृतीत उरलेली असते आणि ती वाचणे हाच या अभ्यासाचा खरा भाग आहे. म्हणून पुढील प्रत्येक उत्तरात आकार कोणता यापेक्षा तो कसा घडला यावर अधिक भर दिला आहे.

उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडणाऱ्या भेगांतून बहुभुज आकारच का तयार होतात?

मराठवाड्यातील काळी माती बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली आहे आणि तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाचे प्रमाण मोठे असते. या खनिजाचे अतिशय पातळ थर एकावर एक रचलेले असतात. पावसाळ्यात त्या थरांमध्ये पाणी शिरते आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून जाते आणि माती आकसते. वाळण्याची सुरुवात वरून होते, त्यामुळे वरचा थर आकसू लागतो तेव्हा खालचा थर अजून ओला असतो आणि तो वरच्या थराला जागेवर धरून ठेवतो. या ओढाताणीत वरच्या थरात ताण साठत जातो आणि तो मातीच्या ताकदीबाहेर गेला की एखादा खडा, जुने मूळ किंवा अशीच कमकुवत जागा पाहून पहिली भेग सुटते.

पुढचा भाग लक्ष देऊन पाहण्यासारखा आहे. भेग पडली की तिच्या आडव्या दिशेचा ताण मोकळा होतो, पण भेगेच्या लांबीच्या दिशेतील ताण तसाच शिल्लक राहतो. त्यामुळे दुसरी भेग पहिलीजवळ येते तेव्हा ती वळून तिला काटकोनात मिळते. तलावातील नुकताच वाळलेला गाळ जवळून पाहिल्यास बहुतेक सांधे ‘टी’ अक्षरासारखे दिसतात आणि मधले तुकडे साधारण चौकोनी असतात. हीच माती पुन्हा भिजली आणि पुन्हा वाळली, तर जुन्या भेगांच्या जागा कमकुवत असल्याने भेगा तेथेच पडतात. पण सांधे दर वेळी थोडे सरकतात आणि हळूहळू तीन भेगा एका बिंदूत १२० अंशांच्या जवळपास कोन करून मिळू लागतात. असे झाले की तुकडे पंचकोनी किंवा षट्कोनी दिसू लागतात. प्रयोगशाळेत चिकणमातीचा थर पुन्हा पुन्हा भिजवून आणि वाळवून पाहिला असता हा बदल स्पष्टपणे दिसला आहे. दरवर्षी नांगरट होणाऱ्या शेतात मातीची ही जुनी खूण मोडून जाते. पडीक रानात किंवा वर्षानुवर्षे भरणाऱ्या आणि आटणाऱ्या तळ्याच्या काठी ती टिकण्याची शक्यता जास्त असते.

शेतकऱ्यासाठी या भेगा केवळ पाहण्याचा विषय नाहीत. रब्बी ज्वारीच्या उभ्या पिकात भेगा पडल्या की खोलवरची ओल त्यातून उडून जाते, म्हणून कोळपणी करून त्या बुजवतात. उलट, पहिल्या वळवाचे पाणी याच भेगांतून खोल उतरते.

वाळलेल्या गाळाचे पोपडे कडांनी वर का वळतात?

गाळाचा वरचा भाग खालच्या भागापेक्षा जास्त वाळतो आणि म्हणून जास्त आकसतो. एकाच तुकड्याची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा लहान झाली की त्याच्या कडा वर उचलल्या जातात. थर जितका पातळ तितके पोपडे लहान असतात.

षट्कोनी दगडी खांबांचा आणि मातीच्या भेगांचा काही संबंध आहे का?

संबंध आहे आणि तो फार जवळचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थरांवर थर पसरले. मराठवाड्यात विहीर खणताना मुरूम, मांजऱ्या आणि काळा पाषाण असे जे थर लागतात, ते त्याच लाव्ह्याचे आहेत आणि वेरूळची लेणीही याच खडकात कोरलेली आहेत. लाव्हा थिजला की पुढे थंड होताना आकसतो. मातीत पाणी जाते, येथे उष्णता जाते, पण ताण निर्माण होण्याची आणि भेग पडण्याची रीत तीच आहे. थंड होण्याची क्रिया पृष्ठभागापासून आत सरकत जाते आणि तिच्या मागोमाग भेगाही आत उतरतात. पृष्ठभागाजवळ त्या काटकोनात मिळतात. जसजशा खोल जातात तसतसे त्यांचे सांधे १२० अंशांकडे झुकतात आणि त्यांच्यामधील खडक पाच, सहा किंवा सात बाजूंच्या खांबांत विभागला जातो. म्हणजे मातीत जो बदल अनेक पावसाळे आणि उन्हाळे मिळून घडवतात, तो खडकात खोलीबरोबर घडतो.

लाव्हा जितका सावकाश थंड झाला असेल तितके खांब जाड असतात आणि थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी ते काटकोनात उभे असतात. मुंबईत अंधेरी येथील गिल्बर्ट हिल हे महाराष्ट्रातील याचे सर्वांत परिचित उदाहरण आहे. उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यावर असे सुमारे ४०,००० खांब आहेत. हे खांब माणसाने घडवले असावेत, अशी समजूत अनेक ठिकाणी आढळते. तिला आधार नाही.

मधमाश्या षट्कोनी घरेच का बांधतात?

एकाच मापाच्या, समान बाजू आणि समान कोन असलेल्या आकृतींनी मध्ये फट न ठेवता सपाट जागा भरायची असेल, तर तीनच आकृती चालतात: समभुज त्रिकोण, चौरस आणि षट्कोन. वर्तुळे शेजारी शेजारी ठेवली तर मध्ये जागा वाया जाते. आता प्रत्येक घराचे क्षेत्रफळ १ धरले, तर त्रिकोणाची परिमिती सुमारे ४.५६, चौरसाची ४ आणि षट्कोनाची सुमारे ३.७२ भरते. म्हणजे तेवढ्याच जागेसाठी षट्कोनाला भिंत सर्वांत कमी लागते. मेण तयार करण्यासाठी माशीला मेणाच्या वजनाच्या कितीतरी पट मध खर्च करावा लागतो, त्यामुळे ही बचत मोलाची आहे. आकृती कोणतीही घेतली तरी समान क्षेत्रफळाच्या तुकड्यांत सपाट जागा विभागण्यासाठी षट्कोनांच्या जाळीहून कमी भिंत लागत नाही, हे विधान प्राचीन काळापासून मानले जात होते. त्याची पूर्ण गणिती सिद्धता मात्र टॉमस हेल्स यांनी १९९९ मध्ये दिली.

पोळ्याचा तुकडा हातात घेऊन उजेडाकडे धरला, तर आणखी एक गोष्ट दिसते. घरे दोन्ही बाजूंना असतात, पण समोरासमोर नसतात. एका बाजूच्या घराचा तळ दुसऱ्या बाजूच्या तीन घरांना टेकलेला असतो आणि तो सपाट नसून तीन समभुज चौकोनांचा मिळून खोलगट झालेला असतो. घरे तोंडाकडे किंचित वर कललेलीही असतात, त्यामुळे पातळ मध बाहेर ओघळत नाही. या तळाच्या रचनेहून थोडी अधिक काटकसरीची रचना शक्य आहे, असे हंगेरियन गणितज्ञ फेयेश तोत यांनी १९६४ मध्ये दाखवले. पण त्यातून होणारी बचत अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे.

माशीला षट्कोन कळतो का, या उपप्रश्नावर संशोधकांत मतभेद आहेत. काहींच्या मते घरे सुरुवातीला गोलसर असतात आणि उबेने मऊ झालेले मेण सांध्यांवर ओढले जाऊन भिंती सरळ होतात. इतरांच्या मते माश्या भिंतीची जाडी आणि कोन स्वतः चाचपून दुरुस्त करत जातात. गांधीलमाश्या मेणाऐवजी लाकडाच्या चोथ्याची घरे बांधतात आणि तीही षट्कोनी असतात. चोथा मेणासारखा उबेने वितळत नाही, म्हणून दुसऱ्या बाजूचे म्हणणे आम्हाला अधिक वजनदार वाटते.

निरीक्षणासाठी सातेरी माशीचे, मधपेटीतील पोळे निवडावे. कड्यांवर आणि उंच झाडांवर लटकणाऱ्या आग्या मोहोळाच्या जवळ कोणत्याही कारणाने जाऊ नये.

सूर्यफुलातील वेटोळी मोजल्यास ३४, ५५, ८९ असेच आकडे का येतात?

लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत एके काळी सूर्यफुलाचा पेरा मोठा होता; सोयाबीनने त्याची जागा घेतली असली तरी हे पीक अजून पाहायला मिळते. बी भरलेले फूल घेऊन वरची वाळलेली फुले हलक्या हाताने झाडून टाकली, की बियांच्या तिरप्या ओळी स्पष्ट दिसतात. काही ओळी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आणि काही उलट दिशेने वळतात. या दोन प्रकारच्या ओळींची संख्या बहुधा ३४ आणि ५५ किंवा ५५ आणि ८९ अशी, एकाच क्रमातील लागोपाठच्या दोन आकड्यांची असते. त्या क्रमाला फिबोनाची क्रम म्हणतात: १, १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५, ८९. यात प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज असते.

झाडाला ही बेरीज येत नाही. कोवळ्या फुलात नवा अंकुर आधीच्या अंकुरांपासून जास्तीत जास्त मोकळ्या जागी फुटतो, एवढा साधा नियम तेथे काम करत असतो. ऑक्झिन हे संप्रेरक जेथे साठते तेथे अंकुर फुटतो, आणि फुटलेला प्रत्येक अंकुर आपल्या आजूबाजूचे ऑक्झिन ओढून घेत असल्याने पुढच्याला दूरची जागा शोधावी लागते. हा नियम चालू राहिला, की लागोपाठच्या दोन अंकुरांमधील कोन सुमारे १३७.५ अंशांवर स्थिरावतो. हा कोन १२० अंशांचा असता, तर प्रत्येक चौथा अंकुर पहिल्याच्या रेषेत येऊन केवळ तीन सरळ ओळी झाल्या असत्या आणि मधली जागा रिकामी राहिली असती. १३७.५ अंशांच्या कोनाने असे रेषेत येणे शक्य तितके टळते, म्हणून बिया सर्वत्र सारख्या दाटीने बसतात आणि वेटोळ्यांची संख्या आपोआप या क्रमातील येते.

झाडाच्या जिवंतपणाचाही यात अनिवार्य वाटा नाही, हे फ्रान्समधील दुआदी आणि कुदेर या भौतिकशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये दाखवून दिले. त्यांनी चुंबकीय द्रवाचे थेंब ठरावीक वेळाने तबकडीच्या मध्यभागी सोडले. एकमेकांना दूर ढकलणारे ते थेंब कडेकडे सरकत गेले आणि त्यांच्यातून तीच वेटोळी तयार झाली.

मोजताना एक दक्षता घ्यावी. एका ओळीवर पेनाने खूण करून फुलाच्या कडेवरूनच मोजत जावे. केंद्राकडे वेटोळ्यांची संख्या कमी होत जाते, त्यामुळे मध्यभागी मोजल्यास २१ आणि ३४ येऊ शकतात आणि मोजणीत गोंधळ होतो.

हा क्रम भारतात फिबोनाचीच्या आधी माहीत होता, हे खरे आहे का?

होय. फिबोनाचीने तो १२०२ मध्ये मांडला; त्याच्या आधी भारतातील छंदःशास्त्रकारांना तो माहीत होता. विरहांकाने तो सांगितला आणि हेमचंद्राने सुमारे ११५० मध्ये स्पष्ट शब्दांत मांडला. त्यांचा प्रश्न फुलांचा नव्हता, वृत्तांचा होता. लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन मात्रा धरल्या, तर चार मात्रांच्या किती मांडण्या होतील? गुरु-गुरु, गुरु-लघु-लघु, लघु-गुरु-लघु, लघु-लघु-गुरु आणि चारही लघु, अशा पाच. तीन मात्रांच्या तीन होतात आणि पाच मात्रांच्या आठ. कारण उघड आहे: पाच मात्रांची मांडणी लघूने संपत असेल तर आधी चार मात्रा असतात, आणि गुरूने संपत असेल तर आधी तीन, म्हणून पाच आणि तीन मिळून आठ. मात्रावृत्ते शिकवताना वर्गात हे करून दाखवता येते आणि गणिताच्या तासापेक्षा ते मुलांच्या लवकर लक्षात येते.

सगळी झाडे आणि फुले हा क्रम पाळतात का?

नाही. ज्वारीची पाने समोरासमोरच्या दोनच ओळींत येतात. तुळस आणि रुई यांची पाने जोडीने येतात आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीशी काटकोन करते. मोहरीला चार पाकळ्या असतात. सूर्यफुलातही अपवाद आहेत. इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथे २०१२ मध्ये सामान्य नागरिकांनी वाढवलेल्या शेकडो सूर्यफुलांची मोजणी झाली, तेव्हा बहुतेक फुलांत फिबोनाची संख्या मिळाल्या. पण बऱ्याच फुलांत ४७ आणि ७६ यांसारख्या दुसऱ्या क्रमातील संख्या किंवा कोणत्याच क्रमात न बसणाऱ्या संख्याही आढळल्या. मूळ नियम संख्येचा नसून जागेचा असल्याने हे अपवाद त्याच नियमातून येतात.

सोनेरी गुणोत्तर निसर्गात सर्वत्र आढळते, असे सांगितले जाते. ते कितपत खरे आहे?

सूर्यफुलाच्या बाबतीत ते खरे आहे, कारण १३७.५ अंशांचा कोन सोनेरी गुणोत्तरातूनच (म्हणजे सुमारे १.६१८ या संख्येतूनच) निघतो. पण समुद्रातील नॉटिलस या प्राण्याच्या शंखाचे चित्र छापून त्याखाली सोनेरी सर्पिल असे लिहिण्याची जी प्रथा पडली आहे, ती चुकीची आहे. सोनेरी सर्पिल एका पूर्ण फेऱ्यात सुमारे ६.८५ पट वाढते. नॉटिलसचा शंख साधारण तिप्पट वाढतो. पाठ्येतर पुस्तकांत आणि समाजमाध्यमांवर हे चित्र इतके पसरले आहे की मोजून पाहण्याची कोणाला गरजच वाटत नाही, आणि याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

शंखाचा खरा नियम त्याहून सुंदर आहे. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि धाराशिव या जिल्ह्यांत कोवळ्या सोयाबीनवर ज्या शंखी गोगलगाई तुटून पडल्या, त्यांचे रिकामे शंख आजही बांधावर सापडतात. गोगलगाय शंखाच्या फक्त तोंडाच्या कडेला नवे कवच जोडते आणि जुना भाग आहे तसाच राहतो. जोडलेला भाग प्रत्येक वेळी आधीच्या मापाच्या प्रमाणात मोठा असतो, त्यामुळे शंख मोठा होतो पण त्याचा आकार बदलत नाही. अशा वळणाला लॉगरिथमिक सर्पिल म्हणतात आणि सोनेरी सर्पिल हा त्याचा केवळ एक विशिष्ट प्रकार आहे. स्विस गणितज्ञ याकोब बर्नुली याला या सर्पिलाने इतके भारले होते की ते आपल्या समाधीशिळेवर कोरावे अशी त्याची इच्छा होती. कारागिराने मात्र फेऱ्यांमधील अंतर सारखेच ठेवणारे दुसरे सर्पिल कोरले.

सीताफळाच्या डोळ्यांमध्येही काही नियम आहे का?

आहे. बालाघाटाच्या डोंगरउतारावरील सीताफळ प्रसिद्ध आहे आणि बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. सीताफळाच्या एकाच फुलात मधल्या उंचवट्यावर अनेक स्त्रीकेसर दाटीने बसलेले असतात आणि फळाचा प्रत्येक डोळा म्हणजे त्यांपैकी एक वाढलेला स्त्रीकेसर होय. त्यामुळे डोळ्यांच्या तिरप्या ओळी फळावर दोन्ही दिशांनी जाताना दिसतात आणि शेजारच्या डोळ्यांच्या दाबाने प्रत्येकाला कोन येतात. डोळे उघडले, म्हणजे त्यांच्यामधील खाचा रुंद आणि फिकट झाल्या, की फळ उतरवण्याजोगे झाले असे शेतकरी मानतात.

ज्या स्त्रीकेसरांना पराग मिळत नाहीत ते वाढत नाहीत आणि फळ त्या बाजूने वाकडे किंवा चपटे राहते. सीताफळाच्या फुलात स्त्रीभाग आधी आणि पुंभाग नंतर पक्व होतो, आणि परागीकरण मुख्यतः बारीक भुंगेऱ्यांवर अवलंबून असते. म्हणून बाजारात वाकडे सीताफळ दिसले तर त्या फुलाचे परागीकरण अर्धवट झाले होते, असा निष्कर्ष बहुधा बरोबर ठरतो.

फुलांना पाच पाकळ्या असतात, मग पंचकोनी स्फटिक का सापडत नाहीत?

दख्खनच्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत झिरपलेल्या पाण्यातून खनिजे साठली. शेतात सापडणाऱ्या पांढऱ्या गारगोट्या, एकाआत एक वलये असलेले अकीक आणि छत्रपती संभाजीनगर परिसरातील खाणींत मिळणारी झिओलाइटे ही सारी त्याच पोकळ्यांतील आहेत. स्फटिकात अणूंची एकच मांडणी सर्व दिशांना जशीच्या तशी पुन्हा येते. अशा मांडणीत दोन, तीन, चार किंवा सहा पदरी सममिती (म्हणजे एका पूर्ण फेरीत मांडणी तितक्या वेळा जशीच्या तशी दिसणे) बसते, पण पाच पदरी बसत नाही, कारण समान बाजू आणि समान कोन असलेल्या पंचकोनांनी फट न ठेवता जागा भरता येत नाही. सदाफुलीच्या फुलावर हे बंधन नाही, कारण फुलाला स्वतःची नक्कल शेजारी मांडून जागा भरायची नसते.

या नियमाला मोठा धक्का १९८२ मध्ये बसला. डॅन शेख्टमन यांना एका मिश्रधातूत पाच पदरी सममितीची खूण दिसली. तेथे मांडणी नियमबद्ध होती, पण जशीच्या तशी पुन्हा येणारी नव्हती. सुरुवातीला त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. २०११ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

चंद्राभोवती पडणाऱ्या खळ्याचा षट्कोनाशी काय संबंध आहे?

मराठवाड्यात हिमवृष्टी होत नाही, पण हिमस्फटिकांचे षट्कोन येथेही आकाशात असतात. पाण्याचे रेणू गोठताना सहा बाजूंच्या जाळीत बसतात, त्यामुळे उंचावरील पातळ ढगांतील बर्फाचे कण षट्कोनी असतात. त्यांच्या एकाआड एक बाजूंमध्ये ६० अंशांचा कोन असतो आणि अशा कणातून जाणारा प्रकाश किमान सुमारे २२ अंशांनी वळतो. म्हणून सूर्याभोवती किंवा चंद्राभोवती पडणाऱ्या मोठ्या खळ्याची त्रिज्या नेहमी २२ अंश असते. हात पूर्ण लांबवून पंजा ताणला, तर अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतचे अंतर साधारण तेवढेच भरते. अंगठा चंद्रावर ठेवून करंगळी खळ्याला टेकते का, हे पाहावे. सूर्याच्या खळ्यासाठी मात्र सूर्य एखाद्या भिंतीआड ठेवूनच पाहावे. खळे पडले की पाऊस येतो हा आडाखा पूर्ण भरवशाचा नाही. खळे केवळ उंचावर बर्फकणांचा ढग आहे एवढेच सांगते.

नदीच्या उपनद्या आणि झाडाच्या फांद्या सारख्या का दिसतात?

दिसतात सारख्या, पण घडतात वेगळ्या रीतीने. झाड एका खोडातून फाटत जाते. नदी अनेक ओढ्यांतून एकत्र येत जाते. बालाघाटाच्या माथ्यावर पाऊस पडतो, उतारावर बारीक घळी पडतात, ज्या घळीत थोडे जास्त पाणी येते ती जास्त खोल होते आणि आजूबाजूचे पाणी आपल्याकडे ओढते. खडक सर्वत्र साधारण सारखा असेल तर या क्रियेतून फांद्यांसारखी मांडणी होते. खडकात मोठ्या भेगा असतील तर प्रवाह त्यांच्या दिशेने सरळ जाऊन एकदम वळतात. मांजरा, तेरणा किंवा सिंदफणा यांच्या खोऱ्याचा नकाशा घेऊन ज्यांना एकही उपप्रवाह मिळत नाही अशा ओढ्यांना पहिला क्रमांक, तसे दोन मिळून होणाऱ्या प्रवाहाला दुसरा, असे क्रमांक दिले, तर प्रत्येक पुढच्या क्रमांकाच्या प्रवाहांची संख्या साधारण तीन ते पाच पटींनी कमी होत जाते. हा नियम रॉबर्ट हॉर्टन यांनी १९४५ मध्ये मांडला.

बिबट्याचे ठिपके आणि मोरपिसाचा डोळा हेही भूमितीतच मोडतात का?

मोडतात, पण दोन्हींची कारणे वेगळी आहेत. ॲलन ट्युरिंग यांनी १९५२ मध्ये असे दाखवले की दोन रसायने एकमेकांवर क्रिया करत वेगवेगळ्या वेगाने पसरत असतील, तर एकसारख्या पृष्ठभागावर आपोआप ठिपके किंवा पट्टे उमटू शकतात. या गणितातून असेही निघते की ठिपकेदार अंगाच्या प्राण्याच्या निमुळत्या शेपटीवर पट्टे येऊ शकतात, पण पट्टेरी अंगाच्या प्राण्याच्या शेपटीवर ठिपके येणे कठीण आहे. गौताळ्याच्या जंगलातील बिबट्याच्या शेपटीचे टोक पाहिल्यास ठिपक्यांची कडी होताना दिसतात. १९९५ मध्ये जपानी संशोधकांनी एका समुद्री माशाच्या अंगावरील पट्टे वाढीबरोबर या गणिताप्रमाणेच सरकतात हे नोंदवले.

मोरपिसाचे निळे आणि हिरवे रंग मात्र रंगद्रव्याचे नाहीत. पिसाच्या बारीक तंतूंमध्ये मेलॅनिनच्या सूक्ष्म कांड्यांची चौकोनी जाळी असते. कांड्यांमधील अंतर सुमारे १५० नॅनोमीटर असते आणि ते थोडे बदलले की परत येणारा रंग बदलतो. पाटोदा तालुक्यातील नायगावच्या मयूर अभयारण्यात मोर उन्हात वळताना त्याच्या मानेचा रंग पालटतो, तो याच जाळीमुळे.

कोळ्याचे जाळे आणि शंख यांतील सर्पिल एकच आहे का?

नाही. शंखाच्या फेऱ्यांमधील अंतर वाढत जाते. गोल जाळ्यातील चिकट धाग्याच्या फेऱ्यांमधील अंतर जवळपास सारखे राहते. कोळी आधी मध्यापासून बाहेर एक विरळ, कोरडे वेटोळे घालतो आणि मग त्याच्या आधाराने बाहेरून आत येत चिकट धागा लावत, ते पहिले वेटोळे काढून टाकतो. आधीच्या फेरीपर्यंतचे अंतर तो पायांनी मोजतो.

लोणारचे विवर जवळपास गोलच का आहे?

लोणार विदर्भात, बुलढाणा जिल्ह्यात आहे, पण जालना आणि परभणीकडून ते जवळ असल्याने हा प्रश्न नेहमी येतो. अशनी तिरपा येऊन आदळला तरी त्याचा वेग इतका प्रचंड असतो की आघाताची ऊर्जा एका जागी स्फोटासारखी मोकळी होते आणि सर्व दिशांना सारखी पसरते. म्हणून सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर गोलाकार झाले. अगदी जमिनीलगत, फारच तिरप्या आघातानेच विवर लांबट होते.

शाळेत कमी खर्चात कोणता प्रयोग करता येईल?

आमची पहिली पसंती मक्याच्या स्टार्चच्या प्रयोगाला आहे, कारण त्यात माती आणि खडक या दोन्हींच्या भेगा एकाच भांड्यात दिसतात. बाजारात कॉर्नफ्लोअर या नावाने मिळणारे पीठ आणि तेवढेच पाणी एकत्र कालवून काचेच्या भांड्यात तीन-चार सेंटिमीटर जाडीचा थर ओतावा आणि त्यावर बल्बचा उजेड ठेवावा. भांडे अजिबात हलवू नये. पहिल्या काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत पृष्ठभागावर थोड्या, रुंद भेगा पडतात आणि त्या बहुतेक काटकोनात मिळतात. त्यांचे कोन कोनमापकाने मोजून लिहून ठेवावेत. थर पूर्ण वाळायला आणखी काही दिवस लागतात, हवामानाप्रमाणे आठवडाही लागू शकतो. त्यानंतर त्याचा एक मोठा तुकडा उचलून उलटा करावा आणि अलगद मोडावा. आत काही मिलिमीटर जाडीचे उभे खांब दिसतात, त्यांना पाच किंवा सहा बाजू असतात, आणि तळाकडे जाताना ते जाड होत जातात, कारण खाली वाळण्याचा वेग मंदावलेला असतो.